रुळावरची बाई

मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेल्या कोंडीरामकाकांनी दहिवलीच्या घरात खोलीभर छोटी रेल्वे मांडली होती. घाट, बोगदे, कर्जत स्टेशन, सगळं हातानं केलेलं. तिचे फोटो घेऊन ते पौर्णिमाच्या स्टुडिओत आले. पौर्णिमाने कॉम्प्युटरवर फोटोतल्या वायरी पुसल्या, मागच्या भिंतीच्या जागी आभाळ लावलं. काका शेजारी बसून मान डोलावत होते. शेवटच्या फोटोत इंजिनासमोर, रुळांच्या मधोमध बोटाएवढी बाई उभी होती. तिच्या डोक्यावर काड्यांची मोळी होती.

"काका, ही चुकून रुळावर राहिली का? पुसून टाकू?"

"चुकून नाय गं. मीच ठेवलीय. त्या दिवशी इथंच होती ती." काकांनी स्क्रीनवरच्या बाईकडे बोट दाखवलं. "हॉर्न दिला, ब्रेक लावला. पण मालगाडी लगेच थांबते काय? तिला राहू दे. गाडी पूस."

पौर्णिमाने आधी इंजिन पुसलं, मग एकेक डबा. मोकळ्या जागेत रूळ आणि खडी भरली.

काका स्क्रीनच्या अगदी जवळ सरकले.

"जा बाय," ते त्या बाईला म्हणाले, "आता जा."