बिनचावीची टाकी

ट्रकवर टाकी होती, टाकीत पाणी होतं, आणि पाणी बाहेर काढायच्या तोटीला चावी नव्हती.

इंदापूरबाहेरच्या सरकारी बंगल्यासमोर उभं राहून सिद्धूनं तोटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. बंगल्याला बारा खिडक्या. आड आटलेला, म्हणून काचा धुवायला तीस मैलांवरून, बारामतीहून पाणी मागवलेलं. मोठे साहेब चारला येणार होते. काचा चकचकीत दिसल्या तर चार वर्षं रोजंदारीवर असलेला सिद्धू कायम होणार होता. तसा कागद बापूसाहेब कारकुनांच्या फायलीत तयार होता, फक्त साहेबांची सही राहिली होती. आता एक वाजला होता.

ड्रायव्हर बिरदेवनं खुलासा केला. मागच्या खेपेला काटेवाडीच्या पुढं बायकांनी गाडी थांबवून निम्मी टाकी घागरींत उतरवून घेतली. तेव्हापासून चावी काढून बारामतीच्या कोठीत ठेवतात. पाणी पोचेल तिथं चावीही पोचावी, असं हुकमात लिहिलेलं नव्हतं.

सिद्धूनं पक्कड मागितली. बापूसाहेब म्हणाले, तोटी सरकारी आहे, आटे गेले तर कोणाच्या नावावर घालायचे? पक्कड परत गेली.

मग सिद्धू टाकीवर चढला. झाकण उघडलं, तर बादली तोंडातून आत जाईना. दोन बोटांचा फरक होता. बादली आडवी करून झाली, तिरपी करून झाली. बिरदेवनं सुचवलं, गाडी उतारावर नेऊन एकदम ब्रेक दाबतो, पाणी आपसूक वर येईल. तेही करून पाहण्यात आलं. पाणी आलं, आणि वर बसलेला सिद्धू तेवढा धुऊन निघाला.

शेवटी बिरदेवनं सीटखालून रबरी नळी काढली. एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, की पाणी लागलंच. पेट्रोल तो असंच काढायचा. नळीला अजून पेट्रोलचा वास होता. त्याला कोणाची हरकत नव्हती. पण सिद्धू ती तोंडाला लावणार, तोच बापूसाहेबांनी हात वर केला. साहेबांचा चहाही याच पाण्याचा व्हायचा होता.

“साहेबांना उष्टं पाजायचं?”

“बापूसाहेब, पाणी माझ्या तोंडाकडं येनार. माझं तोंड कुठं पाण्याकडं जातंय?”

“नळी एकच आहे ना?”

स्वैपाकीण सरुबाई पायरीवर बसून मघापासून मजा बघत होती. ती म्हणाली, “म्हसरं पानी पित्यात म्हून नदी उष्टी हुती व्हय?”

नदीच्या पाण्याचा चहा साहेब घेत नाहीत, असं बापूसाहेबांनी तिला समजावून सांगितलं.

अखेर तोडगा निघाला. तांब्या राखेनं घासायचा, काथ्याच्या दोरीला बांधून टाकीत सोडायचा, आणि हात पाण्याला लागता कामा नये. पहिले दोन तांबे चहासाठी आत गेले. मग खिडक्या. दहा तांब्यांची एक बादली, बादली घेऊन खाली, काच धुवायची, पुसायची, की पुन्हा वर. दिवाणखान्याची मोठी काच आधी घे, असा हुकूम होता. ती अशी निघाली की एक चिमणी येऊन तिच्यावर आपटली. सिद्धूला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

साडेतीनला अकरा खिडक्या झाल्या. राहिली मोरीची. तिकडं कोण बघतंय, असं सिद्धू म्हणाला. साहेब मोरीत गेल्यावर कुठं बघतील हे आपण ठरवणारे कोण, असं बापूसाहेब म्हणाले.

सिद्धू पुन्हा वर चढला. तांब्या आत सोडला आणि ओली दोरी हातातून सुटली. तांब्या बुडाला. दोरीचं टोक तेवढं पाण्यावर तरंगत राहिलं.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. साहेब अर्धा तास आधी आले होते. बापूसाहेब टोपी सावरत धावले. सिद्धूनं मोरीच्या खिडकीकडं पाहिलं, टाकीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि टाकीवर पालथा पडून हात आत घातला. टोक बोटांना लागायचं आणि निसटायचं.

दिवाणखान्यात साहेब चहाचा कप घेऊन मोठ्या खिडकीशी उभे राहिले.

“काच कुणी पुसली ही? आहे की नाही कळत नाही.”

बापूसाहेबांनी सिद्धूचं नाव सांगितलं, आणि हा योग पुन्हा यायचा नाही म्हणून तयार कागदही पुढं केला. साहेब म्हणाले, करा कायम, माणूस कामाचा दिसतो. त्यांनी खिशाचं पेन काढलं, चहाचा घोट घेतला आणि बाहेर पाहिलं.

काचेतून सगळं स्पष्ट दिसत होतं. ट्रक, ट्रकवर टाकी, आणि टाकीवर पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपडणारा एक ओलाचिंब माणूस.

“हा चहा त्या पाण्याचा आहे?” साहेबांनी विचारलं.

साहेबांनी कप खाली ठेवला.

“तो जो कोण असेल, त्याला आजच्या आज काढा.”

बापूसाहेबांनी हाही हुकूम लिहून घेतला. दुसरा कागद जवळ नव्हता, म्हणून त्याच कागदावर, पहिल्याच्या खाली लिहिला. नाव वर आलेलंच होतं. खाली त्यांनी नुसतं ‘सदर इसम’ असं लिहिलं.