दहापैकी किती मजा?

समजा, तुमच्यासमोर बशीत आठ बिस्किटं आहेत. सगळी तुम्हीच खायची, कुणाला द्यायची नाहीत आणि कुणी रागावणारही नाही. काम एवढंच, की एकेक बिस्किट संपलं की त्याचे गुण सांगायचे. जमेल ना? मुंगीलाही वाटलं, हे तर सहज जमेल.

मुंगी सात वर्षांची. गोड दिसलं की हजर, म्हणून मुंगी. तिच्यासमोर वही उघडून बसलेला तिचा दादा कॉलेजात अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता.

"प्रत्येक बिस्किटापासून मिळणारी तृप्ती दहापैकी सांगायची," दादा म्हणाला.

तृप्ती म्हणजे काय, असं मुंगीने विचारलं.

"मजा गं. किती मजा आली, ते सांग."

दादाच्या पुस्तकात एक नियम होता. पहिल्या बिस्किटाची जेवढी गोडी, तेवढी पाचव्याची नसते. पोट भरत जातं, मजा घटत जाते. म्हणजे गुण कमी कमी होत गेले पाहिजेत. गेल्या वर्षी दादाने असे गुण मनानेच मांडले होते. दहा, आठ, सहा, चार, दोन, शून्य. मॅडमनी तो तक्ता वर्गासमोर वाचला, यांच्या घरची माणसं पट्टीने मोजून जेवतात वाटतं, असं म्हणाल्या आणि प्रोजेक्ट नापास केलं. बाकी सगळे पेपर सुटले, पण त्या एका प्रोजेक्टपायी पदवी वर्षभर अडली. या वेळी खाणाऱ्याला सोबत आणा, मी स्वतः विचारीन, असं त्यांनी बजावलं होतं. उद्या शेवटची तारीख होती.

मुंगीने पहिलं बिस्किट खाल्लं. तोंड पुसलं आणि दादाकडे पाहून म्हणाली, "चार."

सुरुवातच चारपासून? दादाने ओठ आवळले, पण लिहिलं.

दुसऱ्याला तिने पाच दिले.

दादाने तिला नियम समजावला. मग पुन्हा समजावला, या वेळी बोटांवर मोजून दाखवत. पहिलं जास्त, दुसरं कमी, तिसरं त्याहून कमी. कळलं? मुंगीने मान डोलावली, तिसरं बिस्किट खाल्लं आणि सात गुण दिले.

दादाने कपाळावर हात मारला. तिला कळत कसं नाही, हे त्याने भिंतीला विचारलं, छताला विचारलं. चौथ्याला आठ मिळाले, तेव्हा त्याच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. पाचवं बिस्किट त्याने जवळजवळ तिच्या पुढ्यात आपटलंच.

मुंगीने ते सावकाश खाल्लं. दादाचं नाक लाल झालं होतं. सारखा हात फिरवल्याने केस उभे राहिले होते.

"दहा," मुंगी म्हणाली.

"पोट आहे की पोतं?"

"पोट."

दादा खोलीभर येरझाऱ्या घालू लागला. आकडे खोडून आपल्या मनाचे घालावेत, असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं. पण मॅडम विचारणार मुंगीला, आणि मुंगीच्या पोटात बिस्किटं राहत, गोष्ट राहत नसे.

आवाज ऐकून आई आतून आली. तिने दादाच्या हातात पाण्याचा पेला दिला. सात वर्षांच्या पोरीवर ओरडून पदवी मिळत असती, तर घरोघरी पदव्या टांगलेल्या दिसल्या असत्या, असं म्हणाली. ती सांगते ते लिही, नापास झालास तर खरं सांगून झालास असं होईल.

दादा पाणी प्यायला. खुर्चीत बसला. खांदे पाडून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं बाई. तू म्हणशील तसं."

मुंगीने सहावं बिस्किट खाल्लं. दादाकडे बराच वेळ पाहिलं.

"सहा."

दादाच्या कानांवर त्याचाच विश्वास बसेना. आनंद झाला, पण तो त्याने चेहऱ्यावर येऊ दिला नाही. न जाणो, पोरगी पुन्हा फिरायची. पुतळ्यासारखा बसून त्याने सातवं बिस्किट पुढे केलं.

सातव्याला दोन मिळाले. आठव्याला शून्य. मग मुंगी उठली आणि खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी दोघं मॅडमच्या खोलीत होते. मुंगीला मोठी खुर्ची मिळाली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. मॅडमनी तक्ता दोनदा वाचला. भूक आधी चाळवते आणि मग भागते, हे यात नेमकं उतरलंय, असं त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत असा तक्ता पाहिला नव्हता. दादाची छाती फुगली.

गुण कुणी पढवले होते का, असं त्यांनी मुंगीला विचारलं. नाही. स्वतःच्या मनाने दिलेस? हो. अगदी खरे? अगदी खरे. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि सहीसाठी कागद पुढे ओढला.

"मग पाचव्यानंतर बिस्किटांचा कंटाळा आला वाटतं तुला?" त्यांनी हसत विचारलं.

"छे, बिस्किटं शेवटपर्यंत छानच होती," मुंगी म्हणाली. "दादाच चिडायचा थांबला. मग कसली मजा?"