गुळाच्या पाण्याचा तांब्या

"लिंबाला घालून या," म्हणत इंदुमतीबाई दिवसाआड गुळाच्या पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या हाती देत. गुळाने झाड जोमाने वाढतं, असं त्यांच्या आईचं सांगणं. वामनराव गॅलरीत जाऊन रिकामा तांब्या घेऊन येत. पण कुंडीतलं लिंबू काही बाळसं धरेना.

वामनरावांची साखरही उतरेना. बाईंनी साखरेचा डबा कुलपात ठेवला होता, चहा बिनसाखरेचा. डॉक्टर चिडले, की त्या घरी येऊन विचारत, "चोरून काही खाता का हो?"

"तुझ्या नजरेतून मुंगी तरी सुटते का?" ते हसत.

वामनराव गेले. दिवसवार उरकल्यावर बाईंनी तांब्या पहिल्यांदा स्वतः लिंबाच्या मुळाशी ओतला. दुपारी बघतात, तर कुंडीभोवती मुंग्यांची ही रांग! चार वर्षांत तिथे एक मुंगी फिरकली नव्हती.

मुंग्या झाडायला बाई केरसुणी घेऊन आल्या आणि कुंडीजवळच थबकल्या.

"एकदा मागायचं तरी होतंत," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच मान हलवली. मागितलं असतं, तर बाईंनी थेंबभरही दिलं नसतं.

हातातली केरसुणी त्यांनी बाजूला ठेवली. मुंग्यांना पोटभर खाऊ दिलं.