चिमीमावशींचं इंग्लिश

आनंदनगरच्या कारखान्यांतली मुलं माझ्याकडे बिझनेस इंग्लिश शिकायला येतात. त्यांच्यात जांभूळ गावच्या चिमीमावशी एकट्याच साठीच्या. मीटिंगचं रेकॉर्डिंग लावलं की त्या कानात प्राण आणून ऐकायच्या आणि कोण काय म्हणालं ते मराठीत अचूक सांगायच्या. "आजून भराभरा बोलनारी मानसं लावा," अशी वर फर्माईश. तोंडातून मात्र इंग्लिशचा एक शब्द नाही, साधं 'गुड मॉर्निंग'सुद्धा नाही. लाजत असतील म्हणून मी त्यांना चुचकारलं, बोलक्या मुलींच्या जोडीला बसवलं, एकदा तर चिडलेही.

शेवटी क्लास सुटल्यावर थांबवून विचारलं, "मावशी, इतकं सगळं समजतं, मग बोलत का नाही?"

"मना बोलाचाच नाय," पिशवी आवरत त्या म्हणाल्या. "जमिनीसाठी बिल्डरची मानसं घरी येतान. माझ्याशी मराठीत गोड बोलतान, आन माझाच चाय पीत आपसात इंग्लिशमदी ठरवतान."

"मग एकदा द्या ना त्यांना इंग्लिशमध्येच उत्तर."

"कशाला? मंग ती भायेर जाऊन बोलतील."