खालचा अंधार

“वहिनी, टोपीचा पट्टा घट्ट करा,” गाइड म्हणाला. तो तिच्या नवऱ्याचा खाणीतला जोडीदार. कोळसा निघायचा तेव्हा बायकांना खाली बंदी होती. आता खाण सहलीची जागा झाली, म्हणून तिकीट काढून ती पहिल्यांदाच उतरली, लेकीचा हात धरून.

ज्या वळणावर छत कोसळून नवरा गेला, तिथे गाइडनं सगळ्यांना दिवे विझवायला लावले.

“खालचा अंधार वेगळाच असतो,” नवरा सांगायचा. “अंधार काय जी, सगळीकडे सारखाच!” ती चिडवायची. आता तिला स्वतःचा हातसुद्धा दिसेना.

“आई, बाबा इथंच होते?”

“हो गं.”

मागून कुणी ओरडलं, “लावा जी दिवे!”

“थोडं थांबा ना, भाऊजी,” ती गाइडला म्हणाली.

पण दिवे लागलेच. तिनं डोळे मिटले, तरी पापण्यांतून उजेड आत आला.