तीन महिन्यांची साखर

लेकीने पाठवलेलं यंत्र रक्ताच्या एका थेंबावरून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणार, हे वाचून श्रीपतरावांचं धाबं दणाणलं. चार दिवस मेथीचं पाणी पिऊन या वेळी सुटका नव्हती. रोज सकाळी फिरायला म्हणून जिलबीच्या दुकानापर्यंतच जाणारा माणूस तो! घरी मात्र कडक पथ्य. ताटातला लाडू ते विरक्त चेहऱ्याने बाजूला सारत आणि लीलाबाई "टाकायचा कशाला?" म्हणत तो संपवत.

"माझी कातडी जाड, सुई जात नाही. तुझंच बोट दे," ते बायकोला म्हणाले. अडतीस वर्षं सगळंच देत आलेल्या लीलाबाईंनी बोटही दिलं.

पाच मिनिटांनी आकडा उमटला. नऊ पूर्णांक दोन. खोक्यावर छापलं होतं, साडेसहापासून मधुमेह.

"बाबा, किती आली?" फोनवर लेक विचारत होती. श्रीपतरावांनी यंत्र पालथं घातलं.

"सांगा ना, नऊच्या वर आली म्हणून!" लीलाबाई कडाडल्या. "तरी सांगत होते, बाहेरचं चरू नका. भोगा आता!"

रागाने त्या नवऱ्यापुढे बोट नाचवत होत्या. कापूस त्याच बोटाला चिकटला होता.