दारासमोरचा बाक

चिमुरड्या गंधालीचं डोकं सतत पुढेमागे डुलायचं. "थांबव" म्हटलं की क्षणभर थांबायचंही, म्हणून वेलचेरी भागातल्या डॉक्टर रामस्वामींनी खुर्चीतून न उठताच निकाल दिला होता, "सवय आहे. लाड कमी करा." दीड वर्षाने दुसरीकडे एमआरआय झाला, तेव्हा मेंदूत खोलवर पाण्याने भरलेली दुर्मीळ सिस्ट निघाली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने डोलणं थांबलं, पण तोवर दाबाने गेलेली डाव्या डोळ्याची दृष्टी काही परत आली नाही.

तिची आई देविका भांडली नाही. ती दर शनिवारी रामस्वामींच्या दवाखान्यात येऊन दारासमोरच्या बाकावर बसू लागली. मांडीवर एमआरआयची फिल्म ठेवायची आणि दार उघडलं की डॉक्टरांकडे एकटक बघायचं, बस्स.

"अक्का, दर शनिवारी काय मिळतं इथे बसून?" रिसेप्शनवरच्या कृष्णवेणीने शेवटी विचारलं. "सरांचं कामातलं लक्ष उडतं हो तुम्हाला बघून."

"उडू दे. मला विसरून त्यांना झोप लागता कामा नये."

सहाव्या शनिवारी मात्र देविकालाच कंटाळा आला. ती उठणार, तेवढ्यात एक बाई मुलाला कडेवर घेऊन कुरकुरत बाहेर आली.

"साध्या सर्दीला आणलं, तर डॉक्टरांनी उठून याचं डोकं फितीने मोजलं, डोळ्यांत बॅटरी मारली! हल्ली प्रत्येक मुलाचं असंच करतात म्हणे."



देविका पुन्हा पाठ टेकून नीट बसली.